बुद्धिबळाच्या इंजिनासाठी लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप?

कॉम्प्युटरवर बुद्धिबळाचा अभ्यास सुरू करायचा म्हटलं की लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप, हा प्रश्न येतोच. सल्ला देणारे लगेच प्रोसेसरची नावं आणि कोअरची, म्हणजे प्रोसेसरमधल्या एकाच वेळी काम करणाऱ्या भागांची, संख्या सांगू लागतात. माझ्या मते त्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी: तुमचं इंजिन सलग किती वेळ चालणार आहे? एकेका स्थितीवर अर्धा-एक मिनिट, की रात्रभर? बाकी बहुतेक गोष्टी याच्याच उत्तरावर ठरतात.

बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन वेगवेगळे प्रोग्रॅम असतात. एक डोळ्यांना दिसणारा: पट, चालींची यादी, डावांचा डेटाबेस. चेसबेस, सिड, अरीना ही याची उदाहरणं. दुसरं म्हणजे इंजिन. स्टॉकफिश हे त्यातलं सगळ्यात परिचित नाव. इंजिनाला स्वतःचा पट नसतो, खिडकी नसते. पटाचा प्रोग्रॅम त्याला साध्या मजकुरात 'ही स्थिती घे', 'विचार सुरू कर', 'थांब' असे हुकूम देतो आणि ते मजकुरातच चाल सांगतं. या बोलण्याचे नियम म्हणजे यूसीआय. स्टेफान मायर-कालेन आणि रुडॉल्फ हुबर यांनी ते २००० साली ठरवले आणि आजही बहुतेक सगळी इंजिनं तेच पाळतात.

पटाचा भाग गेल्या काही वर्षांतल्या कुठल्याही यंत्रावर सुरळीत चालतो. एक कोटीहून अधिक डावांच्या डेटाबेसमध्ये एखादी स्थिती शोधायची असेल तर एसएसडी आणि पुरेशी रॅम हवी, एवढंच. तिथे सोळा कोअर असून फारसा उपयोग नाही. म्हणजे लॅपटॉप की डेस्कटॉप, हा खरा वाद फक्त इंजिनापुरता आहे.

दुप्पट वेगाने नेमकं काय मिळतं

मधल्या डावात एका खेळाडूला सरासरी पस्तीसेक नियमानुसार चाली उपलब्ध असतात. प्रत्येक चालीला प्रतिस्पर्ध्याची तेवढीच उत्तरं, त्यांना पुन्हा तेवढीच. हे झाड इतक्या झपाट्याने फोफावतं की सगळ्या फांद्या तपासणं कुठल्याही यंत्राला शक्य नाही. इंजिनाचं कसब फांद्या छाटण्यात आहे. एखादी चाल वाईट आहे हे एका उत्तरावरून सिद्ध झालं की तिची बाकीची उत्तरं बघायची नाहीत, आणि बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या चाली कमी खोल बघायच्या. ही छाटणी आता इतकी कडक झाली आहे की एक अर्धी चाल पुढे जायला, म्हणजे डेप्थ एकाने वाढायला, इंजिनाला पस्तीसपट काम करावं लागत नाही. ते साधारण दीड ते दोन पटीत भागतं.

आता याच्याकडे खरेदीच्या नजरेने बघा. डेस्कटॉप लॅपटॉपच्या दुप्पट वेगवान असेल, तर तेवढ्याच वेळात तो डेप्थमध्ये एखाद-दुसरी अर्धी चाल पुढे जातो. लॅपटॉप ३० वर असताना डेस्कटॉप ३१ किंवा ३२ वर. किंवा उलट सांगायचं तर, डेस्कटॉपने अर्ध्या मिनिटात दिलेलं उत्तर लॅपटॉप साधारण मिनिटभरात देतो. आपला कालचा डाव उघडून चूक कुठे झाली ते बघणाऱ्याला या फरकाने काही बिघडत नाही. ३० डेप्थला +०.३२ (म्हणजे पांढरा किंचित वरचढ) दाखवणारं मूल्यांकन ३२ डेप्थला +०.२८ झालं, तर त्यातून शिकण्यासारखं फारसं काही नसतं. शिकायचं असतं ते 'उंट कोपऱ्यात अडकलाय' हे, आणि ते इंजिन पहिल्या दोन-चार सेकंदांतच सांगून मोकळं झालेलं असतं.

वेग आणि ताकद या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे इतिहासातही दिसतं. १९९७ साली जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवणारा आयबीएमचा डीप ब्लू हा संगणक सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत होता. त्यासाठी ४८० खास बुद्धिबळाच्या चिप बसवल्या होत्या. बारा वर्षांनी, २००९ मध्ये, पॉकेट फ्रिट्झ ४ हा प्रोग्रॅम एका मोबाइल फोनवर चालत ब्युनोस आयर्समधली कोपा मर्कोसूर स्पर्धा खेळला आणि दहापैकी नऊ डाव जिंकून, एक बरोबरीत सोडवून पहिला आला. त्याचा वेग सेकंदाला २० हजार स्थितींपेक्षाही कमी होता. फरक होता तो छाटणीच्या आणि मूल्यांकनाच्या अकलेत. २०२० मध्ये स्टॉकफिशच्या १२व्या आवृत्तीत एनएनयूई नावाचं छोटं न्यूरल नेटवर्क आलं आणि त्याच जुन्या यंत्रांवर इंजिनाची ताकद एकदम वाढली. म्हणून मी नेहमी सांगतो, नवं यंत्र घेण्याआधी इंजिनाची नवी आवृत्ती उतरवा. आणि उतरवताना आपल्या प्रोसेसरला साजेशी फाइल निवडा. स्टॉकफिशच्या वेगवेगळ्या फायली प्रोसेसरमधल्या वेगवेगळ्या सूचनासंचांसाठी बनवलेल्या असतात. एव्हीएक्स२ हा सूचनासंच चालणाऱ्या प्रोसेसरवर जुन्या पद्धतीची फाइल चालवली तर वेग बराच घसरतो, आणि खापर मात्र यंत्रावर फुटतं.

पहिलं मिनिट आणि पंधरावं मिनिट

मग डेस्कटॉप कशासाठी? उष्णतेसाठी. हा मुद्दा खरेदीच्या वेळी फार थोडे लोक लक्षात घेतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रोजच्या वापरात प्रोसेसर बहुतेक वेळ निवांत असतो. पान उघडलं, फाइल सेव्ह केली की क्षणभर धावतो आणि पुन्हा थांबतो. लॅपटॉपची रचना अशाच वापराला धरून केलेली असते. इंजिनाचं तसं नाही. ते सुरू झालं की दिलेले सगळे कोअर शंभर टक्के राबवतं आणि 'थांब' म्हणेपर्यंत श्वास घेत नाही. व्हिडिओ रूपांतर किंवा थ्रीडी रेंडरिंग सोडलं तर घरगुती कामांपैकी इतकं सलग ओझं टाकणारं दुसरं फारसं काही नाही.

प्रोसेसर बनवणाऱ्यांनी यासाठी विजेच्या दोन मर्यादा ठेवलेल्या असतात, थोड्या वेळासाठी मोठी आणि दीर्घकाळासाठी लहान. इंटेलचं एक उदाहरण घेऊ. लॅपटॉपमधल्या कोअर आय९-१३९००एच ची मूळ मर्यादा ४५ वॉट, थोड्या वेळासाठी ११५ वॉटपर्यंत. डेस्कटॉपमधल्या आय९-१३९००के ची मूळ मर्यादा १२५ वॉट आणि वरची २५३. नाव जवळपास सारखं, पण लॅपटॉपच्या चिपमध्ये १४ कोअर आहेत आणि डेस्कटॉपच्या चिपमध्ये २४. खोक्यावरचं 'आय९' बघून दोन्ही एकच समजू नका.

त्यातही लॅपटॉपची वरची मर्यादा कागदावरच राहते. बोटभर जाडीच्या शरीरात दोन छोटे पंखे आणि चपट्या तांब्याच्या नळ्या किती उष्णता बाहेर काढणार? इंजिनाच्या खिडकीत 'केएन/एस' असा आकडा असतो, म्हणजे सेकंदाला किती हजार स्थिती तपासल्या. लॅपटॉपवर इंजिन सुरू करून या आकड्यावर नजर ठेवा. समजा पहिल्या अर्ध्या मिनिटात तो १२,००० आहे. मग पंख्याचा आवाज चढतो. दोन मिनिटांनी आकडा १०,००० वर येतो, कीबोर्डची वरची पट्टी हाताला गरम लागते, आणि दहा-पंधरा मिनिटांनी तो आठ हजारांच्या आसपास स्थिरावतो. तिथून पुढे तो लॅपटॉप आठ हजारांचाच, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. चांगला पंखा आणि हवेशीर पेटी असलेल्या डेस्कटॉपवर पहिल्या मिनिटाचा आकडा आणि रात्री दोन वाजताचा आकडा जवळपास एकच असतो.

बॅटरीवर चालवलं तर आणखी घट, कारण बहुतेक लॅपटॉप चार्जर काढला की प्रोसेसरची वीज स्वतःहून कमी करतात. म्हणून विश्लेषण करताना चार्जर लावलेला असावा. लॅपटॉपची मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवली तर खालून हवा खेळते आणि थोडा फरक पडतो. गादीवर किंवा मांडीवर ठेवून इंजिन तासभर चालवू नये. रोज तासन्‌तास उष्णता आणि सतत शंभर टक्के चार्ज, हे बॅटरीच्या तब्येतीला वाईटच. बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती चालू करावी.

ॲपलच्या २०२० नंतरच्या स्वतःच्या चिपचे लॅपटॉप या बाबतीत वेगळे आहेत. कमी विजेत जास्त काम होत असल्याने मॅकबुक प्रो आपला वेग बराच वेळ टिकवतो. त्याच चिपच्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही, त्यामुळे लांबलचक विश्लेषणात तो मंदावतो. पण मॅक घेण्याआधी सॉफ्टवेअरचा विचार करा. चेसबेस विंडोजसाठी बनलेलं आहे. मॅकवर हायर्क्स चेस एक्सप्लोररसारखे पर्याय आहेत, स्टॉकफिशही आहे. तरी ज्यांचा वर्षानुवर्षांचा अभ्यास चेसबेसच्या फायलींमध्ये साठलेला आहे, त्यांनी विंडोजचंच यंत्र घेतलेलं बरं.

थ्रेड, हॅश आणि ओळी

इंजिनाच्या सेटिंगमध्ये 'थ्रेड्स' म्हणजे किती कोअर कामाला लावायचे. सगळेच देऊन टाकले की पट हलवतानाही यंत्र अडखळतं, म्हणून एक-दोन मोकळे ठेवावेत. लॅपटॉपवर दोन-चार थ्रेड कमी केले तर पुष्कळदा उष्णता आणि आवाज जितका घटतो, तितका वेग घटत नाही. कारण उरलेल्या कोअरना विजेचा मोठा वाटा मिळतो. हा प्रयोग प्रत्येक लॅपटॉपधारकाने एकदा तरी करून बघावा.

'हॅश' म्हणजे इंजिनाने रॅममध्ये ठेवलेली टिपणवही. तीच स्थिती वेगवेगळ्या चालक्रमांनी पुन्हा पुन्हा येते, तेव्हा तिचा निकाल नव्याने काढण्याऐवजी इंजिन तो वहीतून घेतं. मिनिटभराच्या विश्लेषणाला १ जीबी पुष्कळ झाला. रात्रभर एकच स्थिती तपासायची असेल तर मात्र वही भरते, जुन्या नोंदी पुसल्या जाऊ लागतात आणि केलेलं काम पुन्हा करावं लागतं. तिथे ८ किंवा १६ जीबी हॅश द्यावा, आणि तो देता यावा म्हणून यंत्रात ३२ जीबी रॅम असावी. पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही. डेस्कटॉपमध्ये ती हव्या तेव्हा वाढवता येते.

आणखी एक सेटिंग वेगावर परिणाम करतं, ते म्हणजे एकाच वेळी किती चालींच्या ओळी दाखवायच्या. पाच ओळी मागितल्या की इंजिनाला पाचही चाली पूर्ण खोलीने तपासाव्या लागतात. एक ओळ दाखवणारा लॅपटॉप पाच ओळी दाखवणाऱ्या डेस्कटॉपच्या पुढे सहज जातो. ओपनिंगचा अभ्यास करताना दोन-तीन ओळी ठेवा, अवघड डावपेच सोडवताना एकच.

लीला वापरायची असेल तर

२०१७ च्या डिसेंबरात डीपमाइंड कंपनीच्या अल्फाझीरो या न्यूरल नेटवर्कवर चालणाऱ्या प्रोग्रॅमने वेगळाच रस्ता दाखवला. सेकंदाला सुमारे ८० हजार स्थिती बघून त्याने ७ कोटी स्थिती बघणाऱ्या स्टॉकफिशला हरवलं. त्याच धर्तीवर २०१८ मध्ये लीला चेस झीरो हे सर्वांसाठी खुलं इंजिन सुरू झालं. लीलाचं न्यूरल नेटवर्क मोठं असतं आणि ते ग्राफिक्स कार्डावर चालतं. साध्या प्रोसेसरवर ते इतकं हळू चालतं की वापरण्यात अर्थ नाही.

इथे डेस्कटॉपचं पारडं स्पष्ट जड आहे. उदाहरणार्थ एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड घ्या: लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०९० आणि डेस्कटॉपमधलं आरटीएक्स ४०९० यांत चिपच वेगळी आहे. डेस्कटॉपच्या कार्डाला २४ जीबी मेमरी आणि ४५० वॉट, लॅपटॉपच्या कार्डाला १६ जीबी आणि जास्तीत जास्त १७५ वॉट. शिवाय डेस्कटॉपमध्ये तीन वर्षांनी फक्त कार्ड बदलता येतं. पण यासाठीच महागडं कार्ड घ्यावं का? बहुतेकांना गरज नाही, असं माझं मत आहे. लीला दीर्घकालीन डावपेच, दबाव, जागा यांचं फार सुंदर भान दाखवते. पण एनएनयूई आल्यापासून स्टॉकफिशही त्यात मागे नाही. दोन वेगळ्या पद्धतींची मतं ताडून बघणं ज्याच्या कामाचा भाग आहे, म्हणजे वरच्या पातळीवर ओपनिंग तयार करणारा, त्यालाच हा खर्च पटेल.

एंडगेमच्या टेबलबेसचं थोडक्यात सांगतो. सिझिजी टेबलबेसमध्ये पटावर पाचपर्यंत सोंगट्या असलेल्या सगळ्या स्थितींचा अचूक निकाल साधारण १ जीबीत मावतो. सहा सोंगट्यांना सुमारे १५० जीबी लागतात, सातला १७ टीबीच्या आसपास. पाचवाल्या प्रत्येकाने ठेवाव्यात. सहावाल्या ५१२ जीबीच्या लॅपटॉपमध्ये गर्दी करतात. डेस्कटॉपमध्ये दुसरी एसएसडी बसवून प्रश्न मिटतो. सातवाल्यांसाठी घरी साठवण करायची गरज नाही, त्या ऑनलाइन विचारता येतात.

कोणाला काय

स्पर्धा खेळणाऱ्याला लॅपटॉपच हवा. पुढच्या फेरीची जोडी लागते, प्रतिस्पर्ध्याचे डाव बघायला हातात दोन तास असतात, आणि तुम्ही हॉटेलच्या खोलीत असता. तिथे इंजिनाला एका स्थितीवर मिनिटभरापेक्षा जास्त वेळ मिळतच नाही. म्हणजे लॅपटॉप जिथे सगळ्यात जोरात पळतो, तेवढाच वेळ तो वापरला जातो. वर्गात प्रोजेक्टरला जोडून शिकवणाऱ्या प्रशिक्षकाचंही तेच.

पत्रव्यवहारी बुद्धिबळ खेळणाऱ्याचं गणित नेमकं उलट आहे. आयसीसीएफ या पत्रव्यवहारी बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांमध्ये इंजिन वापरायला परवानगी असते, एका चालीसाठी दिवस मिळतात आणि समोरचाही इंजिन घेऊनच बसलेला असतो. तिथे एकेक स्थिती रात्रभर, कधी दोन रात्री तपासली जाते. हे काम लॅपटॉपवर टाकणं म्हणजे त्याचं आयुष्य कमी करणं. डेस्कटॉप घ्या, मोठा पंखा लावा. वीज जाण्याची शक्यता असेल तर यूपीएस जोडा, कारण लॅपटॉपसारखी बॅटरी त्याला नसते आणि आठ तासांचा हॅश एका क्षणात जातो. जुना डेस्कटॉप घेत असाल आणि त्यात इंटेलची १३वी किंवा १४वी पिढी असेल, तर बायॉस (यंत्र सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत आहे ना ते आधी बघा. त्यातल्या काही प्रोसेसरमध्ये अस्थिरतेचा दोष निघाला होता आणि इंटेलने २०२४ मध्ये त्यासाठी दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला.

घरी बसून नियमित अभ्यास करणारा खेळाडू या दोघांच्या मधे येतो, आणि संख्येने हाच वर्ग सगळ्यात मोठा. त्याने मध्यम लॅपटॉप घेऊन उरलेल्या पैशांत मोठा मॉनिटर घ्यावा असं मी सुचवीन. पट, चालींची यादी, इंजिनाची खिडकी आणि डेटाबेस एकाच वेळी दिसू लागले की अभ्यासात जो फरक पडतो, तो चार जास्तीच्या कोअरने पडत नाही. मानेलाही आराम मिळतो.

दोन्ही हवं असेल तर यूसीआयची ती मजकुराची बोली कामी येते. पट एका यंत्रावर आणि इंजिन दुसऱ्यावर असं सहज करता येतं, कारण दोघांमध्ये जातात ते फक्त चार-दोन शब्द आणि चाली. घरी डेस्कटॉप राबतो, हातात हलका, गार, शांत लॅपटॉप. नेटवर्कचा वेग जेमतेम असला तरी अडत नाही. भाड्याने मिळणारी क्लाउड इंजिनंही याच तत्त्वावर चालतात. वर्षातून दोन-तीन मोठ्या स्पर्धांपुरतीच ताकद लागत असेल, तर त्या दिवसांपुरतं भाडं देणं परवडतं.

विकत घेण्याआधी शक्य असेल तर यंत्र स्वतः तपासा. स्टॉकफिश इन्स्टॉल करावं लागत नाही, पेनड्राइव्हवरून चालतं. मधल्या डावातली एखादी गुंतागुंतीची स्थिती द्या, चार्जर लावा, एक ओळ, १ जीबी हॅश, दोन सोडून बाकी सगळे थ्रेड, आणि अमर्याद विचाराचा हुकूम. पहिल्या मिनिटाचा केएन/एस लिहून घ्या आणि पंधराव्या मिनिटाचा. दोन लॅपटॉपमधून निवडायचं असेल तर पंधराव्या मिनिटाचा आकडा ज्याचा मोठा, तो घ्या. आणि तुमच्या कामाला इंजिन पाच मिनिटांपेक्षा जास्त कधी चालवावंच लागत नसेल, तर पहिल्या मिनिटाचे आकडे ताडून बघा. ते जवळपास सारखे असतील तर वजन, कीबोर्ड आणि पडदा बघून खुशाल ठरवा.